ताणावरचं डाळिंब

डाळिंबाला फूल आलं. सकाळी सडा टाकायला बादली घेऊन बाहेर आले, तर कंपाउंडच्या भिंतीशी, ज्या काटकीला मी मेलेली धरून चालले होते तिच्या टोकाला, काहीतरी लाल. आधी वाटलं, वाऱ्यानं कुणाच्या चोळीची चिंधी उडून अडकली असेल. आमच्या कॉलनीत वारा काहीही आणून टाकतो. जवळ गेले, बोट लावलं. जाड, गार, मेणाचं केल्यासारखं फूल. त्याच्याखाली बारीक बारीक कळ्या आणि काटकीच्या सांध्यासांध्यातून तांबूस कोंब. दुसऱ्या कुणालाही आनंद झाला असता. उदगीरपासून लातूरपर्यंत रस्त्याच्या कडेची झाडं वाळून गेली होती, आणि माझ्या दारात डाळिंब फुललं होतं. पण मला आनंद कसा होणार? ते झाड मी मारायला घेतलं होतं.

पाठीमागे बाजेची दोरी कुरकुरली. अप्पा उठून बसले असणार. अप्पा म्हणजे माझे सासरे, गुरुपादप्पा. मी मागे वळले नाही. बादलीतलं पाणी उंबऱ्यासमोर फेकलं. एवढी तापलेली जमीन, की पाणी पडल्याचा डागसुद्धा धड टिकत नाही. भांडी विसळून उरलेलं, राखेचा वास येणारं पाणी. होळीपासून मी ते रोज असंच फेकत आले होते, दारात, रस्त्यावर, गटारीच्या तोंडाशी, कुठंही, फक्त त्या आळ्यात नाही. सडा हा बायकांचा धर्म, त्यावर कोण काय बोलणार? दुष्काळात पाण्याची मालकी बाईकडं येते, हे पुरुषांच्या ध्यानात येत नाही. नळ आठ-दहा दिवसांनी, तोही आला तर; चौकात टँकर येतो तेव्हा रांग, भांडणं, घागरीला घागर. पण एकदा पाणी घरात आलं की कोणता तांब्या कशात रिकामा करायचा ते मी ठरवते. नवरा आडत दुकानात, मुलगा राजशेखर त्याच्याबरोबर. अप्पांचे गुडघे गेलेले. आणि सुनेकडं झाडासाठी पाणी मागणं हे त्यांच्या ताठ्यात बसत नव्हतं. त्यांनी मागावं अशी माझी फार इच्छा होती. मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि तो 'नाही' मी किती वर्षं तोंडात धरून होते ते त्यांना कळलं असतं.

त्यांनी मागितलं नाही. रोज सकाळी अंघोळ करून, म्हणजे ओल्या पंच्यानं अंग पुसून, ते लिंगपूजेला बसत. तळहातावर इष्टलिंग, त्यावर पळीपळीनं पाणी, भस्म, बेलाचं सुकलेलं पान. तीर्थ घेऊन झालं की वाटीत उरलेलं घोटभर पाणी भिंतीला धरत धरत जाऊन आळ्यात ओतायचे. पूजेचं पाणी पायाखाली जाऊ नये म्हणून झाडाला घालायचं, ही आमच्यातली रीत. तेवढं मला थांबवता येत नव्हतं. देवाच्या पाण्याला हात लावायची माझी छाती झाली नाही. पण घोटभर पाण्यानं काय होतं? चैत्रात पानं पिवळी पडली. वैशाखात गळू लागली. मी खराटा घेऊन ती गोळा करायची, आणि खरं सांगायचं तर त्या कामाला मला कधी कंटाळा आला नाही. अप्पा बाजेवरून बघत बसायचे. झाडाकडं, मग माझ्याकडं. मला वाटायचं, आता यांना कळतंय. आता यांच्या जिवाला लागतंय. रात्री जेवताना त्यांच्या ताटात भाकरी वाढताना माझा हात हलका असायचा.

"आगं माय, काय फूल आलंय गं तुमच्या डाळिंबाला!" शेजारच्या सरजाबाई भिंतीवरून डोकावल्या. "आमच्याकडं तर लिंबाऱ्याचं झाडबी वाळायलंय. काय घातलंस?"

मी काही बोलायच्या आत बाजेवरून अप्पांचा आवाज आला. आवाज अजून खणखणीत. बागेत या टोकापासून त्या टोकाला गड्याला हाक मारायची सवय.

"काय घातलं न्हाई बाई. ताण देला आमच्या सुनेनं. म्या होळीपसून बगायलाव. पानी तोडलं, पान झडू देलं, पर काडी वाळू देली न्हाई. आन् बराबर मिरगाला पानी सोडलं. लोकांच्या बागा हाईत, पर असा ताण कुनाला जमत न्हाई. हात बसलाय तिचा."

सरजाबाई कौतुकानं माझ्याकडं बघत राहिल्या. मी रिकामी बादली हातात धरून उभी. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. एवढा राग, इतके महिने एकटीनं, कुणाला न सांगता, रोजच्या रोज केलेला, आणि त्याचं या माणसानं एका वाक्यात बागकाम करून टाकलं. आणि मिरगाला पाणी मी सोडलंच नव्हतं. ते सोडलं महानंदानं, माझ्या सुनेनं.

महानंदा देगलूरची. वैशाख सरता सरता लग्न होऊन आली. अंगानं बारीक, बोलणं कमी, कामाला वाघ. मोरीतून झाडाकडं जाणारी नाली मी चिंध्या आणि माती कोंबून बुजवली होती. ती पोरगी आल्या आल्या मोरी घासायला बसली आणि घासता घासता नाली मोकळी करून बसली. तिच्या बापाच्या घरीही परसात झाडं असतील. अंघोळीचं, धुण्याचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं पाणी आळ्यात जाऊ लागलं. मी पाहिलं. मी तिला काय सांगणार होते? नाली बुजव? का म्हणून विचारलं असतं तर? राग असा असतो, की त्याचं कारण सुनेला सांगायचं झालं तर कुठून सुरुवात करावी ते सापडत नाही.

सुरुवात उदगीरजवळच्या गावात, अप्पांच्या बागेत. तेव्हा लातूर तालुक्याचं गाव होतं आणि जिल्हा उस्मानाबाद. मी हिमायतनगरहून आलेली, पैनगंगेच्या अंगची. तिकडं रान, ओढे, पायाला लागली तर ओली लागणारी माती. आणि इकडं आले तर मुरूम. उघडा, पांढरट, उन्हात बघवत नाही असा. त्या मुरमात अप्पा फळबाग करत होते आणि सगळा मुलूख त्यांना वेडा म्हणत होता. खड्डा खणायचा, दुसरीकडून माती आणून भरायची, रोपाशेजारी मडकं पुरायचं, मडक्याच्या बुडाला बारीक भोक, त्यात चिंधीची वात. मडक्यात पाणी भरलं की वातीवाटे थेंब थेंब मुळाशी. ती मडकी भरायचं काम घरातल्या बायकांचं, म्हणजे माझं, कारण नवी मी होते. पण रोज भरायची नाहीत. अप्पा सांगतील तेव्हाच. रोपाला भरपूर पाणी मिळालं की मूळ वरच्या वर पसरतं, आळशी होतं, आणि उन्हाळा आला की झाड जातं. म्हणून लावल्यावर ताण द्यायचा. तहान लागली की मूळ खाली जातं, खोल जातं, मग ते झाड मरत नाही. पुढं मोठं झाल्यावर पुन्हा ताण द्यायचा, फुलासाठी. हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले आणि खोटं कशाला बोलू, ते खरं आहे. त्यांची झाडं जगली.

लग्नानंतरची पहिली पंचमी. पहिल्या नागपंचमीला लेक माहेरी नेतातच, त्यात विचारायचं काय? तिला न्यायला जो येतो त्याला मूळ म्हणतात. माझं मूळ म्हणून मलप्पा आला, माझा थोरला भाऊ. हिमायतनगर ते नांदेड, नांदेड ते उदगीर, तिथून पुढं पायी. धोतर धुळीनं तांबडं झालेलं, हातात लाह्यांचं गाठोडं. अंगात नवीन कोट, उन्हातसुद्धा काढला नव्हता. मी बागेत मडकी भरत होते. अप्पा बांधावर चार माणसांत उभे. मलप्पानं वाकून शरणार्थी केलं आणि म्हणाला, "शिवकांताला न्यायला आलाव." अप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही. एका रोपाकडं बघत, मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले:

"पोरीनं आजून मूळ धरलं न्हाई. मूळ धरल्याबिगर मूळ धाडू नये."

चारही माणसं हसली. शब्दावर शब्द असा बसला होता की हसू येणारच. आणि मलप्पाही हसला. मला ते सगळ्यांत जास्त लागलं. पाव्हण्याचं, दुसऱ्याच्या घरात हसतात तसलं हसणं, ओठ उघडे आणि डोळे जमिनीकडं. तो जेवला, बाजेवर झोपला, दुसऱ्या दिवशी लाह्यांचं गाठोडं माझ्या हातात देऊन परत गेला. मी रडले नाही, भांडले नाही. त्या संध्याकाळी मी न सांगता सगळ्या मडक्यांत पाणी भरलं, काठोकाठ, आणि सासूबाई म्हणाल्या, पोरगी गुणाची आहे. त्या वर्षी दिवाळीच्या आत माझी आई गेली. मी पोचले तेव्हा तिला मातीत बसवून वर मातीही ओढून झाली होती. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्या ओल्या ढिगाऱ्यावर हात ठेवला, बोटांना लागली ती आईकडची ओल. पंचमीला गेले असते तर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले असते. एवढंच हवं होतं, जास्त काही नाही.

पुढं मी मूळ धरलं, असं लोक म्हणाले. राजशेखर झाला, घर धरलं, सासूबाईंचं दुखणं काढलं. मग लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, फटाके वाजले, नवऱ्यानं आडत दुकान टाकलं आणि नव्या कॉलनीत प्लॉट घेतला. आता आपण जिल्ह्याच्या गावात राहतो, असं तो पाव्हण्यांना सारखं सांगायचा. जिल्हा आला, पाणी तेवढं आलं नाही. आणि पाऊस रुसला तसा गावाकडच्या विहिरीनं तळ दाखवला, बाग गेली, सासूबाई त्याआधीच गेलेल्या. अप्पा आले, एक ट्रंक आणि गोणपाटात गुंडाळलेलं डाळिंबाचं रोप घेऊन. बागेतलं शेवटचं. त्यांनी ते भिंतीशी लावलं आणि मला म्हणाले, "हे जगलं की माझं झालं." जगू द्यायचं नाही, हे मी बहुतेक तेव्हाच ठरवलं असावं.

आणि ते फुललं. पुढं आठवडाभर मी त्या झाडाकडं बघायची टाळाटाळ करत होते आणि दर वेळी बघत होते. लाल, लाल. दळण टिपताना, भाकरी थापताना डोळ्यांपुढं लाल. अप्पा आता खुर्ची आळ्याशेजारी घेऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून सुनेची करामत दाखवायचे. मला वाटायचं, ओरडून सांगावं, अहो ती करामत नाही, तो राग आहे, तुमच्यावरचा. पण ते म्हणाले असते, ताण म्हणजे दुसरं काय असतं? या माणसाच्या हाती जे पडेल त्याचं तो झाड करतो.

"आता पानी तुटू द्यायचं न्हाई बरं," ते महानंदाला सांगत होते. "ताण देल्यालं झाड फुलावर आलं, आन् मग तहानलं, की समदं फूल खाली. एकबी धरत न्हाई."

महानंदा चौकातून दोन दोन घागरी आणायची. माझी कंबर लागलेली, मला उचलवत नाही. तिच्या मानेवर घागरीच्या बुडाचा पाण्याचा ओघळ यायचा आणि खांद्यावर लुगडं ओलं. कधी कधी ती आळ्यात पाणी ओतून तिथंच उभी राहायची, फुलांकडं नाही, रस्त्याकडं बघत. श्रावण लागला होता. ती काय बघत होती ते मला कळत होतं. माझ्याशिवाय कुणाला कळणार?

पंचमीला दोन दिवस असताना तिचा भाऊ आला. नागनाथ. विशीतला, कॉलर घामानं काळी झालेली, हातात पिशवी, पिशवीत लाह्या असणार. अप्पांच्या समोर बाजेच्या अगदी कडेवर टेकला. देगलूरला पाऊस? नाही. जनावरं? विकली. बोलणं संपलं. मग तो घसा साफ करत म्हणाला, "ताईला न्यायला आलाव. पैली पंचमी हाय."

अप्पा झाडाकडं बघत होते. मी दारात उभी. आता हा माणूस तेच बोलणार, मला वाटलं, आणि या वेळी मी इथं आहे. पण ते म्हणाले, "म्या कोन सांगनार? घर हिचं हाय. इचार हिला. पानी कोन भरंल त्येवडं बगा, झाड फुलावर हाय."

माझ्या हातात दिलं. एवढ्या सहज. इतकी वर्षं जे ओठांपाशी घेऊन जगले ते सगळं एकदम वर आलं. जा म्हणून सांगायचं होतं मला, शपथ घेऊन सांगते. पण त्याआधी एकदा, फक्त एकदा, या माणसाचं वाक्य या माणसाच्या तोंडावर मारायचं होतं. त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता. मी अप्पांच्या डोळ्यांत बघितलं आणि एक एक शब्द सुटा करून म्हणाले:

"पोरीनं अजून मूळ धरलं नाही. मूळ धरल्याबिगर मूळ धाडू नये."

अप्पांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खोकला येईपर्यंत हसले. "वा गं वा! बेस बोललीस! मूळ धरल्याबिगर मूळ... आरं, ऐकलास का रं? बागवानाची सून शोभतीस." आणि नागनाथही हसला. ओठ उघडे, डोळे जमिनीकडं.

"हे तुमचंच आहे अप्पा," माझा आवाज फाटला. "तुम्हीच बोलला होता. बागेत. मलप्पाला."

"कोन मलप्पा?"

"माझा भाऊ."

"आसंल," ते डोळे पुसत म्हणाले. "म्या बोलल्यालं समदं ध्यानात ऱ्हातंय व्हय? पर हाय झ्याक."

त्यांना आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी भिंतीला हात टेकला. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडत होते तो माणूस तिथं नव्हताच, मी एकटीच भांडत होते. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराशी काकणं वाजली. महानंदा उभी होती. भावासाठी एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गुळाची वाटी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं बघत होती, अप्पांकडं नाही.

"तसं नाही गं," मी घाईघाईनं म्हणाले. "ते यांना... तुला नाही. तू जा. पिशवी भर. उद्या पहिल्या गाडीनं जा. हवं तितकं राहा."

"आन् पानी?" अप्पा म्हणाले.

"फुलं गळली तर गळू द्या."

नागनाथाचा चेहरा उजळला, तो उठून उभाच राहिला. पण महानंदाचा चेहरा तसाच. तिनं तांब्या भावापुढं ठेवला, गुळाची वाटी ठेवली, पदर सारखा केला आणि आत गेली. मी तिच्या मागं गेले. पुन्हा सांगितलं, हसून सांगितलं, तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ ताठ. "हाव अत्याबाई," ती म्हणाली. "कळलं."

सकाळी मी उठले तेव्हा ती दोघं निघण्याच्या तयारीत होती. ती वाकून माझ्या पाया पडली, अप्पांच्या पडली, भस्म लावून घेतलं. मी तिच्या ओटीत खण घातला. फाटकापर्यंत गेले. म्हणाले, "पंचमी झाली की लगेच ये असं काही नाही. आईजवळ राहा. झोप भरपूर."

ती थांबली. मान खाली घालून, एका सुरात म्हणाली, "पानी भरून ठेवलंय, अत्याबाई. रांजन, पिंप, समदं. झाडाचंबी." आणि भावाच्या मागं चालू लागली. वळून बघितलं नाही.

मी आत आले. पिंप भरलेलं, रांजण भरलेला, घागरी, बादल्या, माझा तांब्यासुद्धा. ती केव्हा उठली, किती खेपा केल्या, कुणाला ठाऊक. डाळिंबाशी गेले. आळं काठोकाठ भरलं होतं आणि एकही फूल खाली पडलं नव्हतं. पाण्यावर एक मुंगी तरंगत होती. बाजेवरून अप्पा म्हणाले, "पोरगी गुनाची हाय."